माळा, मागचा आखाडा आणि बंदूक

मृगाचा पाऊस पडून सोयाबीनची पेरणी उरकली, की चार-आठ दिवसांत कुणीतरी मला गाठतोच. मागच्या खरिपात सेनगावच्या बाजारात एका पोराने गाठलं. बारावीनंतर शिक्षण सोडून वडिलांच्या सहा एकरांत उतरलेला. रात्रीतून डुकरांच्या कळपाने त्याची पेरणी उकरली होती. तीही कशी, तर तास धरून. एका टोकाला मुस्कट घालायचं आणि बी खात खात सरळ दुसऱ्या टोकाला निघायचं. माणसाने तिफण धरली त्याहून सरळ. पोरगा चिडलेला होता, आणि चिडलेला माणूस हल्ली मोबाईल उघडतो.

"काका, अमेरिकेत डुकराला येगळी, सशाला येगळी, घुशीला येगळी रायफल राहती म्हनं. आपल्याला कोन्ती घ्यावं लागंल? एकच घ्यायची हाय. समद्याला चालंल अशी."

एकच, समद्याला चालेल अशी. ही पुस्तिका या एका वाक्यामुळे लिहावी लागली. त्या दिवशी मी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, की तुझ्या प्रश्नाचं उत्तर बंदुकीच्या दुकानात नाही, तुझ्या धुऱ्यावर आहे. तो बिचारा मान हलवून गेला. त्याला ते पटलं नव्हतं हे मला दिसत होतं, आणि चूक माझी होती. दोन तास लागतील असं उत्तर मी एका वाक्यात उरकलं होतं. पुढची पानं म्हणजे ते दोन तास.

मी काही शिकारी नव्हे. माझं शिक्षण दोन ठिकाणचं. एक, हिंगोली अजून परभणी जिल्ह्यात होतं त्या काळात कॉलेजात केलेली एनसीसी. पोटावर झोपून, पंचवीस मीटरवरच्या कागदावर पॉइंट टू-टूच्या रायफलीने पाच गोळ्या मारायच्या आणि मग पुलथ्रूला चिंदी लावून नळी चकचकीत होईपर्यंत ओढत बसायचं. आम्हाला गोळ्या पाच मिळत आणि साफसफाई तासभर. दुसरं शिक्षण आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीचं. निजामाच्या राज्यातली ती बंदूक शेतातल्या आखाड्यावरच्या खोलीत खुंटीला असायची. नळीत मापाने बारूद ओतायची, वर चिंधी, गजाने ठासायचं, मग छर्रे, पुन्हा चिंधी, पुन्हा गज, आणि शेवटी घोड्याखालच्या बोंडीवर टोपी बसवायची. एवढं होईपर्यंत डुकरं हरभऱ्याचा एक वाफा संपवून दुसऱ्यात जात. दमट हवेत बार फुसका जायचा. उडाला तर एवढा धूर, की लागलं की नाही हे सकाळीच कळे. आजोबांच्या हातून किती डुकरं मेली ते मला माहीत नाही. आवाजाने पळाली ती मात्र मोजण्यापलीकडची.

त्या म्हाताऱ्या बंदुकीची आठवण उगाच काढलेली नाही. १९५९ चा शस्त्र कायदा आजही लागू आहे, आणि त्यात पीकराखणीसाठी म्हणून जे हत्यार नाव घेऊन सांगितलं आहे ते हेच, ठासणीचं. तेराव्या कलमाचं तिसरं पोटकलम वाचावं. नागरिकाला खरोखरीच्या पीकराखणीसाठी ठासणीची बंदूक हवी असेल तर परवाना द्यावा, असं ते म्हणतं. ठासणीची पुरेशी पडणार नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला परिस्थिती पाहून पटलं, तर वीस इंचांहून आखूड नसलेल्या नळीची दुसरी एखादी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. त्याच पोटकलमात पुढे पॉइंट टू-टू रायफल आणि एअर रायफल येतात, पण मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला, निशाणाच्या सरावासाठी. शेतासाठी रायफल हा शब्द त्या पोटकलमात कुठेच नाही.

हे वाचून बरेच जण सरकारच्या नावाने बोटं मोडतात. मीही मोडत असे. साठ वर्षांपूर्वीच्या बाबूला डुकराचं काय कळतंय, असं वाटायचं. आता वाटतं, की कायदा करणाऱ्याने कधीतरी सपाट मुलखातली रात्र पाहिलेली असावी.

गुळगुळीत नळी आणि रायफल यांतला फरक ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद सोडावा. रायफलीच्या नळीत आतून मळसूत्रासारखे आटे पाडलेले असतात. गोळी त्यांतून फिरत बाहेर पडते, आणि भोवरा जसा फिरताना उभा राहतो तशी ती हवेत नाक पुढे ठेवून लांबवर सरळ जाते. बंदुकीची नळी आतून पाइपासारखी साफ. तिच्यातून एक गोळी नाही, छर्ऱ्यांचा लोंढा निघतो, पसरत जातो आणि लवकर दम टाकतो. बारा बोअर या नावामागेही जुना वजनकाटा आहे. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर त्यांतला एक बरोबर बसेल अशी ती नळी, म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर.

आता त्या पोराने मोबाईलवर पाहिलेल्या रायफलींकडे येऊ. अमेरिकेत ज्यांना 'व्हार्मिंट' म्हणतात ती म्हणजे कुरणात बिळं करणारी खारीच्या जातीची जनावरं, कोल्ह्याच्या जातीची जनावरं, असा सगळा गोतावळा. तिथली कुरणं मैलोन्‌मैल मोकळी. माणूस दिवसाउजेडी टेकाडावर पालथा पडतो, दुर्बीण लावतो आणि दोन-तीनशे मीटरवरच्या बिळावर नेम धरतो. त्यासाठी तिथे खास काडतुसं घडत गेली. १९३० च्या सुमारास पॉइंट टू-टू हॉर्नेट, १९३५ मध्ये टू-ट्वेंटी स्विफ्ट, १९५० मध्ये ट्रिपल टू, अगदी अलीकडे २००२ मध्ये सेव्हन्टीन एचएमआर. सगळ्यांचं सूत्र एकच. गोळी हलकी, वेग प्रचंड, कवच पातळ, म्हणजे जनावराला किंवा मातीला लागताच तिचा भुगा व्हावा आणि उसळून पुढे जाऊ नये. विचार शहाणपणाचा आहे, पण तो त्या कुरणाचा आहे. आपल्याकडच्या आयुध कारखान्यांच्या नागरी मालात त्यांतलं काही नसतं. इशापूरच्या कारखान्याच्या पॉइंट टू-टू, तीनशे पंधरा आणि थर्टी-झिरो-सिक्स या स्पोर्टिंग रायफली, तिरुचिरापल्लीची बारा बोअर पंप अॅक्शन, आणि काडतुसं आपल्या खडकीची, असा आपला बाजार. २०२१ च्या ऑक्टोबरात आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. पाट्या बदलल्या, माल तोच राहिला.

तीनशे पंधराची एक गंमत आहे. फौजेची काडतुसं बंडवाल्यांच्या हाती लागू नयेत म्हणून इंग्रजांनी नागरिकांना फौजी बोअर बंद केले. १९०७ मध्ये साडेचारशे बोअरसुद्धा त्याच भीतीपोटी बंद झाला, आणि विलायतेतल्या बंदूकवाल्यांना हिंदुस्थानातल्या वाघ-गव्यांसाठी चारशे पासष्ट, चारशे सत्तर असे नवे बोअर काढावे लागले. तीनशे पंधरा त्याच वंशातला, म्हणजे इंग्रजी फौजेचा नसलेला म्हणून नागरिकाला चालणारा. सुमारे सोळा ग्रॅमची जड गोळी. रोही, म्हणजे नीलगाय, आडवं पाडायला ती भरपूर आहे, आणि गोची तिथेच आहे. नेम चुकला, किंवा गोळी जनावरातून आरपार गेली, तर ती दोन-तीन किलोमीटर चालत राहते.

हिंगोली जिल्ह्यात दोन-तीन किलोमीटर म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. उत्तरेला पैनगंगा, मधून कयाधू, दक्षिणेकडे पूर्णा. सेनगाव आणि औंढ्याकडे डोंगराचे बुटके फाटे, कळमनुरीकडे इसापूर धरणाचं पाणी, वसमतकडे पूर्णेच्या कालव्याखालचा ऊस. जंगल म्हणावं असं थोडं. बाकी काळी सपाट जमीन, सोयाबीन, तूर, हळद, कापूस, हरभरा. आणि प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या वावरात आखाडा. आखाडा म्हणजे नुसतं झोपडं नव्हे. बैल, म्हैस, सालगडी, त्याची बायको, लेकरं, हळद शिजवण्याच्या दिवसांत कुकरवर रात्रभर राबणारी टोळी, मोटर चालू करायला आडरात्री उठलेला म्हातारा, सगळं तिथे असतं. वीज रात्रीची मिळते तेव्हा शिवारात जेवढी माणसं दिवसा असतात तेवढीच रात्री असतात, फक्त दिसत नाहीत. आणि डुक्कर येतं ते रात्रीच.

डुक्कर आता डोंगरातून उतरून येतं असंही राहिलेलं नाही. ते उसात जन्मतं, तुरीत वाढतं, ओढ्याच्या वेड्या बाभळीत दिवस काढतं. रोही दिवसाढवळ्या उभं असतं, हरभऱ्याचे शेंडे खुडत, हाकललं तर दोन वावरं पलीकडे जाऊन पुन्हा उभं. काळविटांचे कळप माळावरून कोवळ्या ज्वारीत उतरतात. वानरं आहेतच. या सगळ्यांना 'उपद्रवी' या एका सरकारी शब्दात कोंबण्याची सवय आपल्याला लागली आहे आणि तिने फार घोळ घातला आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत खरोखरच उपद्रवी जिवांची यादी होती. तिच्यात कावळा, फळं खाणारी वटवाघळं, उंदीर आणि घुशी होत्या. डुक्कर नव्हतं, रोही नव्हतं, ससा तर नव्हताच. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच गेली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आता केंद्र सरकार बासष्टाव्या कलमाखाली विशिष्ट भागापुरतं, विशिष्ट मुदतीपुरतं ज्याला उपद्रवी जाहीर करील तेवढाच उपद्रवी. बिहारमध्ये असं झालं होतं. रोही तिथे घोडपरास, आणि २०१६ च्या जूनमध्ये मोकामाच्या टाल भागात हैदराबादहून आणलेल्या नेमबाजांनी दोनशेहून जास्त टिपले. त्यावरून दिल्लीत दोन केंद्रीय मंत्र्यांत उघड जुंपली. केरळने २०२२ मध्ये दुसरी वाट काढली. रानडुकराला मारण्याची परवानगी देण्याचे अधिकार ग्रामपंचायती-नगरपालिकांच्या प्रमुखांकडे दिले आणि परवानाधारक बंदूकवाल्यांच्या याद्या केल्या. आपल्याकडे अकराव्या कलमाखाली वन विभागाची लेखी परवानगी लागते, आणि डुकराच्या व रोह्याच्या बाबतीत तो अधिकार खालच्या अधिकाऱ्यांपर्यंत आणलेला आहे. अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात द्यायचा. काळविटाचं नाव त्या अर्जात काढूच नये. तो पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला गोळी घातली तर किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं, वर पंचवीस हजारांपासून पुढे दंड.

इथे दोन गैरसमज दर बैठकीत निघतात. पहिला, "आपल्या वावरात आलं म्हणजे आपलं." नाही. स्वतःचा किंवा दुसऱ्या माणसाचा जीव वाचवताना जनावर मेलं तर कायदा त्याला गुन्हा मानत नाही, पण हरभरा वाचवताना मेलं तर मानतो. दुसरा गैरसमज मटणाचा. परवानगी घेऊन मारलेलं डुक्करही सरकारची मालमत्ता असतं. ते वाटून घेतलं की परवानगी असलेला माणूसही आरोपी होतो. या दुसऱ्या गैरसमजाने माझ्या माहितीतली चांगली चांगली घरं कोर्टाच्या पायऱ्यांना लागली आहेत. गावं सांगत नाही.

आणि ससा, तितर, लावा? छोटी शिकार म्हणून इंग्रजी पुस्तकांत जी अर्धी पानं जातात, ती या पुस्तिकेत नाहीत, कारण आपल्याकडे तो विषय इतिहासजमा झाला आहे. सशासाठी योग्य रायफल कोणती, याचं हिंगोलीतलं उत्तर 'कुठलीच नाही' असं आहे. एअर गन घेऊन होल्यांमागे फिरणाऱ्या पोरांनाही हे लागू. साडेचार मिलिमीटर बोअरच्या, वीस ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. लोकांनी त्याचा अर्थ 'पाखरं मारायला परवाना लागत नाही' असा करून घेतला. सलीम अलींनी लहानपणी मुंबईत एअर गनने चिमणी पाडली, तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि तिथून देशाला पक्षीशास्त्रज्ञ मिळाला. ही गोष्ट मला आवडते, पण ती १९०८ च्या सुमाराची आहे आणि प्रत्येक एअर गनमागे सलीम अली उभा नसतो. अरुणाचलात २०२१ पासून सरकारने एअर गना जमा करण्याची मोहीम चालवली आणि गावकऱ्यांनी आपण होऊन त्या दिल्या, कारण रानं मुकी होत चालली होती.

मग राहता राहिलं डुक्कर आणि रोही, हातात लेखी परवानगी, आणि प्रश्न हत्याराचा.

पॉइंट टू-टू पुष्कळांना मोहात पाडते. हलकी, आवाज कमी, काडतूस स्वस्त. अडीच ग्रॅमची शिशाची गोळी. मला तिच्याबद्दल एनसीसीपासून माया आहे, म्हणूनच सांगतो, डुकरावर ती उचलू नये. मोठ्या नराच्या खांद्यावर चिवट, जाड ढाल असते. ही गोळी तिच्यात रुतते, डुक्कर चिडून उसात शिरतं आणि सकाळी त्या उसात बायका पाचट काढायला जातात. जखमी डुक्कर आणि वाकलेली बाई, याहून वाईट गाठ मी कल्पू शकत नाही. शिवाय ही 'छोटी' गोळी वर धरून सुटली तर दीड मैल जाते. काडतुसांच्या डबीवर तशी ताकीद छापलेली असते. डबी फेकून देण्याआधी वाचावी.

बारा बोअरचं गणित निराळं. एलजी नावाचं काडतूस आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. त्यात टपोऱ्या काबुली हरभऱ्याएवढे मोजके छर्रे, एका औंसाला सहा. तीस-पस्तीस पावलांच्या आत ते डुकराला पुरतात. त्यापलीकडे छर्रे एवढे फाकतात, की एखाद-दुसराच लागतो, आणि मग पुन्हा तीच जखमी डुकराची कथा. सहा नंबरच्या काडतुसात एका औंसाला पावणेतीनशेच्या आसपास बारीक छर्रे असतात. ते तितरासाठीचे. डुकरावर सोडले तर त्याला खाज सुटेल. जुन्या बंदूकवाल्यांचा एक ठोकताळा आहे. छर्ऱ्याचा व्यास इंचांत घ्यायचा आणि बावीसशेने गुणायचं, येतील तेवढे यार्ड तो छर्रा फार तर जातो. एलजीचा हिशेब केला तर सातशे मीटरच्या आसपास येतो. मारायला तीस पावलं आणि भीती सातशे मीटरची. रायफलीत हीच भीती किलोमीटरांत मोजावी लागते. कायद्याने शेतासाठी गुळगुळीत नळी का निवडली, याचं याहून सोपं उत्तर मला सापडलेलं नाही.

सातशे मीटरही कमी नाहीत. म्हणून मी प्रत्येकाला एकच गोष्ट पाहायला सांगतो. जनावर नंतर पाहावं, आधी त्याच्या मागे काय आहे ते पाहावं. सपाट रानात माणूस उभा राहून डुकरावर बंदूक धरतो तेव्हा नळी जवळजवळ आडवी असते. चुकलेला बार क्षितिजाकडे जातो, आणि आपल्या क्षितिजावर आखाडे असतात. तोच माणूस दहा-बारा फुटांच्या माळ्यावर बसला, तर नळी खाली झुकते आणि चुकलेला बार वीस-तीस पावलांवर काळ्या मातीत जिरतो. बापजाद्यांनी जागलीसाठी माळे बांधले ते लांबचं दिसावं म्हणून, आणि खाली साप-विंचू म्हणून. त्यांना नकळत त्यांनी या शिवारातली सगळ्यात मोठी सुरक्षा बांधून ठेवली होती. बंदूक कुठली, यापेक्षा ती किती उंचीवरून झुकते याने या मुलखात जास्त फरक पडतो. पण हे व्हार्मिंटवरच्या इंग्रजी पुस्तकात सापडणं कठीण, कारण तिथला माणूस टेकाडावर पालथा पडलेला असतो आणि समोर मोकळं कुरण असतं.

अंधारात हलणारं काळं म्हणजे डुक्कर, हा समज किती महागात पडतो हे पालघर जिल्ह्यात २०२५ च्या सुरुवातीला दिसलं. रानडुकराच्या शिकारीला गेलेल्यांपैकी एकाने डुक्कर समजून गोळी घातली, ती सोबत्यालाच लागली. मेला तो, आणि घाबरलेल्यांनी प्रेत लपवलं. बातमी वाचून लोक 'अडाणी' म्हणाले. मी तसं म्हणणार नाही. तीन रात्री जागलेला माणूस तुरीतल्या सळसळीला कान लावून बसतो, तेव्हा त्याला डुक्करच दिसायला लागतं. म्हणून बॅटरी. माझ्या यादीत बॅटरी बंदुकीच्या वर आहे. डोळे चमकले एवढ्यावर बार काढायचा नाही. डोळे गाईचेही चमकतात, कुत्र्याचेही, कोल्ह्याचेही. पूर्ण अंग दिसलं, मागे माती दिसली, तरच.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात, कारण सविस्तर प्रकरण पुढे आहे. अर्जदार एकवीस वर्षांचा हवा. परवाना जिल्हादंडाधिकारी देतात, पोलिसांचा अहवाल घेऊन. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला फार तर दोन हत्यारं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बहुतेकांना बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. २०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेचं मतदान झालं. हरभरा नुकता उगवत होता आणि तूर फुलावर होती. लोकशाहीचा आणि डुकरांचा हंगाम एकाच वेळी आला, एवढंच म्हणतो. बंदुकीवर सगळी मदार ठेवणाऱ्याने हाही हिशेब धरावा.

त्यामुळे पुस्तिकेचा निम्मा भाग बंदुकीविना राखणीचा आहे. काही वाचकांना ही फसवणूक वाटेल. पण ज्या माणसाकडे फटाके, गोफण, डबडं, कुत्रं आणि झटका मशीन यांची नीट घडी बसलेली असते, त्याला बार काढायची वेळ वर्षाकाठी क्वचित येते, हे मी आमच्याच शिवारात पाहत आलो आहे. झटका मशीनबद्दल मात्र दम देऊनच लिहिलं आहे. ते यंत्र तारेत काही हजार व्होल्टचा पण क्षणाच्याही अगदी बारीक तुकड्यापुरता झटका सोडतं, सेकंदाला साधारण एकदा. जनावर दचकतं, मरत नाही. पैसे वाचवायला काहीजण खांबावरची लाइन सरळ तारेत सोडतात. तिचा प्रवाह थांबतच नाही, स्नायू आखडतात, हात सुटत नाही. डुकरासाठी सोडलेल्या अशा तारेत पहाटे स्वतःचाच भाऊ सापडल्याच्या बातम्या मराठवाड्यात आणि विदर्भात वर्षाआड येतात. तशीच ती कार्बाइडची पाइप बंदूक. आवाज मोठा आणि भाव शंभर-दोनशे, म्हणून ती वानरं हाकलायला वावरात आली, मग पोरांच्या हातात गेली. २०२५ च्या दिवाळीत भोपाळकडे कितीतरी लेकरांचे डोळे त्यापायी गेले.

लेखक व्यंकटेश माडगूळकर शिकारीची बंदूक बाळगत असत, आणि पुढे नुसती दुर्बीण आणि वही घेऊन रानात बसायला लागले. 'सत्तांतर'मधली वानरं त्या बसण्यातून आली. शेतकऱ्याने तसं करावं असं मी म्हणणार नाही. ज्याचा हरभरा गेला त्याला वही देणं ही थट्टा होईल. पण माळ्यावर बसून नुसतं पाहण्याची एक रात्र मी सगळ्यांना मागतो, आणि त्या पोराकडेही मागितली होती.

दिवाळीनंतर तो पुन्हा भेटला, या खेपेस हिंगोलीच्या मोंढ्यात, सोयाबीनच्या पोत्यावर बसलेला. म्हणाला, "काका, बसलो बघा एक रात. अकरा डुकरं मोजली, पाच पिलं धरून. आमच्या नाल्याकडूनच येतेत, अन् एकाच जागी तार वलांडतेत."

"आणि मागं काय होतं?"

तो जरा थांबला. "चुलत्याचा आखाडा. बल्ब दिसत होता सरळ रेघंत. चुलती अडीचला म्हशीपाशी उठली, ते बी दिसलं."

रायफलीचं नाव त्याने काढलं नाही. नाल्याच्या वरच्या अंगाला एक जुना लिंब आहे, त्याच्यावर माळा बांधला तर आखाडा पाठीमागे जातो का, हे त्याला विचारायचं होतं. मी पेन काढलं आणि पोत्यावरच नकाशा काढायला बसलो. पुस्तिकेचं पहिलं प्रकरण माळ्याचं आहे. बंदूक पाचव्यात येते.